वकीलबाईंनी मागितलेल्या तीन ओळी

नोटीस शाळेच्या पत्त्यावर आली. जालन्यातल्या एका शाळेत मी वरिष्ठ लिपिक आहे आणि टपालाची आवक नोंदवही माझ्याकडेच असते. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या स्वतःच्या नावाचं रजिस्टर पोस्ट त्या टेबलावर पहिल्यांदाच आलं. खासगी टपाल म्हणून मी ते नोंदवलं नाही. खिडकीशी जाऊन उघडलं. तीन पानं होती, माझ्या चुलतभावाच्या वतीनं त्याच्या वकिलानं पाठवलेली. त्यांच्या अशिलाच्या ७९ आर शेतात मी अनधिकृतपणे घुसलो आहे आणि पंधरा दिवसांत ताबा सोडला नाही तर दिवाणी दावा लावण्यात येईल, असं लिहिलं होतं. मला ‘अतिक्रमणदार’ म्हटलं होतं, एकूण पाच वेळा.

त्या ७९ आरांत, म्हणजे जवळजवळ दोन एकरांत, माझी मोसंबीची बाग आहे. बारा वर्षांपूर्वी दोनशे सोळा कलमं लावली. आज एकशे एकाहत्तर उभी आहेत. नोकरीची आणखी सात वर्षं झाली की त्या बागेवर बसायचं, असं मी आणि बायकोनं ठरवलेलं आहे. दुसरी काही सोय आम्ही केलेली नाही.

प्रकरण साधं आहे, पण सांगताना ऐकणाऱ्याचा गोंधळ होतो, म्हणून आधीच मांडून ठेवतो. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात माझ्या वडिलांच्या नावावर रस्त्यालगतचं ८२ आर शेत होतं आणि काकांच्या नावावर नाल्याकडचा ७९ आर मळा. वडिलांना नाल्याकडची काळी जमीन हवी होती. काकांना पिठाची गिरणी टाकायची होती, म्हणून रस्ता हवा होता, जरी तो रस्ता तेव्हा बैलगाडीचाच होता. मी नऊ वर्षांचा असताना दोघा भावांनी शेतं बदलून घेतली. दोरीनं मोजलं, कोपऱ्यांवर दगड ठेवले, चहा झाला. तलाठ्याकडे कोणी गेलं नाही. भावाभावांत कागद करणं म्हणजे एकमेकांवर संशय घेणं, अशी आमच्याकडे समजूत. त्यामुळे सातबारावर नावं जिथली तिथंच राहिली. दोघे वारले तेव्हा वारसांची नावंही तशीच उलटी लागली. मी कसतो त्या मळ्यावर चुलतभावाचं नाव आणि तो कसतो, जिथं त्याचं घर आणि गिरणी आहे, त्या रस्त्याच्या शेतावर माझं.

याचा आम्हाला कधी त्रास झाला नाही. उलट एक रीतच पडून गेली. सरकारनं पिकांची नोंद मोबाइलवर आणली तेव्हापासून ज्याच्या नावावर शेत त्यानं शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो. मग दर खरिपात मी गावी जायचो, दादाच्या कपाशीत उभा राहायचो आणि माझ्या नावावर कपाशी नोंदवायचो. दादा म्हणजे हाच चुलतभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तिथून आम्ही दोघं त्याच्या मोटारसायकलवर मळ्यात जायचो आणि त्याच्या नावावर माझी मोसंबी नोंदवायचो. त्याचा मोबाइल जुना, फोटो नीट येत नाही, म्हणून तेही माझ्याच मोबाइलवरून, त्याच्या खात्यानं. नंतर त्याच्या घरी चहा. पाच हंगाम मी एकदाही मुदत चुकवली नाही आणि याचा मला थोडा अभिमानही होता.

नोटीस मी घरी नेऊन बायकोला वाचून दाखवली. तिनं ती माझ्या हातातून घेऊन घडी घातली. मग म्हणाली, “फोन करून बघा की दादांना.”

“वकिलाची नोटीस आली म्हणल्यावर फोन करायचा नसतो,” मी म्हणालो. असा नियम मी कुठं वाचला होता, मला आजही आठवत नाही.

वकील शोधायला मी चार दिवस घेतले. जालन्यातल्या एका वकिलांकडे आधी गेलो. काचेची केबिन होती, आणि माझं अर्धं सांगून व्हायच्या आत त्यांनी मी जिंकलो असल्याचं जाहीर केलं. उरलेलं अर्धं ऐकूनही ते तेच म्हणाले असते का, अशी मला शंका आली. दुसरे एक नात्यातले होते. त्यांना सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या भावकीला कळलं असतं. तेव्हा एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, सकाळच्या एसटीनं भोकरदनला गेलो आणि कोर्टात मागच्या बाकावर दिवसभर बसलो. पाठकोरा कागद घेतला होता. कोणत्या वकिलाच्या किती प्रकरणांत काम पुढं सरकतं आणि किती प्रकरणांत नुसती तारीख मिळते, याच्या रेघा मारत होतो.

दुपारपर्यंत एका वयस्क वकीलबाईंच्या नावापुढं चार रेघा झाल्या, चारही कामाच्या. साठीच्या असतील. काळ्या कोटाची बाही मनगटाशी करडी पडलेली. मोठ्यानं बोलत नव्हत्या. एका म्हाताऱ्याची उलटतपासणी त्यांनी सहा प्रश्नांत आटपली आणि शेवटी त्याला पायरी उतरायला हात दिला. म्हातारा समोरच्या बाजूचा होता. बाहेर चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम का? जमिनीच्या कामात त्यांच्यासारखं दुसरं न्हाई. त्यांचे वडील कोतवाल होते, लहानपणापासून बांधाबांधानं हिंडल्यात त्या. पण गोड बोलत न्हाईत, सांगून ठेवतो.”

त्याच दिवशी त्यांचा नंबर घेऊन फोन केला. भेटीची फी त्यांनी आधीच सांगितली, हे मला बरं वाटलं. शनिवारी चार वाजता या म्हणाल्या.

“कागद कोणते आणू मॅडम?”

“असतील ते आणा. पण एका कागदावर तीन ओळी लिहून आणा. काय झालं, काय पाहिजे, आणि काय सोडायची तयारी आहे. ओळ म्हणजे ओळ. पान न्हाई.”

पुढचे पाच दिवस शाळा सुटल्यावर मी फाईल करत होतो. दोन्ही शेतांचे सातबारा, जुने हस्तलिखित उतारे, फेरफार, मळ्यातल्या पंपाची वीजबिलं, कलमांची पावती, नोटीस, तिचं पाकीट. प्रत्येक कागदाला क्रमांक, वर अनुक्रमणिका, एकूण सेहेचाळीस पानं. शिवाय तारीखवार हकिकत, चार पानं. साक्षीदारांची यादी वेगळी. बायको ताट वाढून दोनदा हाक मारायची.

“लग्नाच्या वेळी माझ्या घरची एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही,” ती म्हणाली.

“तेव्हा नोटीस नव्हती आली.”

“आली असती तर बरं झालं असतं. फाईल तरी राहिली असती.”

तीन ओळींचा कागद मात्र पुढं सरकेना. पहिली ओळ चार वेळा लिहून खोडली, कारण तिच्यात दोन शेतं, दोन भाऊ आणि बेचाळीस वर्षं बसवायची होती. दुसरी सोपी होती. ‘मळा माझ्याकडे राहावा.’ तिसरी ओळ शुक्रवारपर्यंत कोरी होती. काय सोडायची तयारी आहे? माझ्या बाजूनं सगळं बरोबर असताना मी काही का सोडावं? शेवटी एक जुना हिशेब आठवला. वडिलांनी ८२ आर दिले आणि ७९ घेतले. म्हणजे तीन आर आमचे जास्त गेले होते. ते परत मागणार नाही. लिहिलं, ‘फरकाचे तीन आर.’ आपण मोठं मन दाखवलं असं वाटून झोप लागली.

शनिवारी वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे त्यांच्या घराची पुढची खोली निघाली. भिंतीवर संविधानाची उद्देशिका, खाली कपाटभर लाल कापडात बांधलेली दप्तरं. मी फाईल टेबलावर ठेवली आणि अनुक्रमणिकेचं पान उघडून त्यांच्याकडं वळवलं.

“भाऊ, फाईल राहू द्या. आधी तोंडानं सांगा.”

मी सांगितलं. मध्ये दोन वेळा फाईलकडं हात गेला, दोन्ही वेळा त्यांनी नुसतं बघितलं. सांगून झाल्यावर त्यांनी तीन ओळींचा कागद मागितला. तो वाचला, उपडा करून ठेवला. मग फाईल ओढून पानं उलटत गेल्या. एकतिसाव्या पानावर थांबल्या.

“ह्या मळ्यावर पाच वर्षं मोसंबी लागलेली दिसते. त्यांच्या नावानं. नोंद कोणी केली?”

“त्यानं. म्हणजे, सातबारा त्याचा आहे ना.”

“फोटो कोणी काढला?”

“मीच. त्याच्या मोबाइलवर नीट येत न्हाई.”

“अन् रस्त्याच्या शेतातली कपाशी तुमच्या नावानं?”

“हो. एकही हंगाम चुकवला न्हाई.”

त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला. “ऑफिसात किती वर्षं काढली म्हणालात?”

“एकोणतीस.”

“मळा मी कसतो, हे तुम्हाला कोर्टात दाखवायचंय. अन् पाच वर्षं तुम्हीच आपल्या हातानं सरकारला लिहून दिलं की मळा ते कसतात. कागद म्हणून राह्यला की तुम्ही तुमच्या शेतात आहात अन् ते त्यांच्या. मंग भांडण कशाचं?”

खात्यात ज्याचं नाव त्याच्या नावानं पीक, हे नियमाप्रमाणे बरोबर होतं. नियमाप्रमाणे बरोबर असलेलं काम आपल्याच अंगावर येऊ शकतं, हे माझ्या नोकरीत मला कोणी सांगितलं नव्हतं.

“वीजबिल तेवढं कामाचं आहे,” त्या म्हणाल्या. “पंप तुमच्या वडिलांच्या नावानं, अन् तोही ह्या मळ्यात. बरं, साक्षीदार?”

मी यादी दिली. त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. “वडील, मयत. काका, मयत. पोलीस पाटील, मयत. शेजारचे खातेदार, मयत.” यादी खाली ठेवली. “ही साक्षीदारांची यादी आहे का तेराव्याची?”

“तेवढेच होते मॅडम. मी होतो, पण मी नऊ वर्षांचा. दोरीचं टोक धरलं होतं.”

“बाया?”

“बाया नव्हत्या.”

“चहा कोणी केला?”

“काकूनं आणला होता. किटलीत.”

“दगड कोणी आणले?”

मला दिसलं ते. काकू डोक्यावर टोपलं घेऊन नाल्याकडून येत होती, आणि चारही कोपऱ्यांना ती खाली बसून दगड ठेवत होती, कारण पुरुष दोरी धरून उभे होते. मी चार पानं हकिकत लिहिली होती आणि त्यात हे कुठंही नव्हतं.

“काकूनंच.”

“म्हणजे होत्या की बाया. आहेत का त्या?”

“आहेत. दादाकडंच. त्याची आई.”

त्यांनी मळ्याचा सातबारा माझ्याकडं वळवला आणि नावांवर बोट ठेवलं. काका गेल्यावर वारस म्हणून दोन नावं लागली होती. एक दादाचं, एक काकूचं. नोटीस मात्र एकट्या दादाची होती. मी नोटीस सात वेळा वाचली होती. ‘अतिक्रमणदार’ किती वेळा आलं ते मोजलं होतं. हे मोजलं नव्हतं.

“आता मला एक सांगा,” वकीलबाई म्हणाल्या. “बेचाळीस वर्षं काही न्हाई आणि एकदम नोटीस. असं होत न्हाई. त्यांनी तुम्हाला ह्याच्या आधी काही मागितलं होतं का?”

हा प्रश्न येईल असं मला वाटलं नव्हतं, किंवा वाटलं होतं म्हणूनच मी त्याचा कागद केला नव्हता. मागितलं होतं. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाच्या मांडवात दादा म्हणाला होता, पोराला रस्त्यावर खताबियाणाचं दुकान टाकायचंय, बँक सातबारा मागते, तेवढी अदलाबदल कागदावर करून टाकू. गेल्या दिवाळीत पुन्हा म्हणाला. दोन्ही वेळा मी एकच उत्तर दिलं. काकांच्या वारसाच्या फेरफाराची नक्कल अजून मिळालेली नाही, सगळे कागद जमू दे, मग करू.

“मग, जमले का कागद?”

“जमले.”

“कधी?”

मी फाईलमधलं बाविसावं पान काढलं. फेरफाराची नक्कल गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये मिळाली होती. म्हणजे दिवाळीत दादा बोलला तेव्हा ती माझ्या कपाटात होती, पंच केलेली, क्रमांक टाकलेली. “त्याला कळवलं न्हाई,” मी म्हणालो.

“का?”

या प्रश्नाला मी फाईलमध्ये पाहिलं नाही. रस्ता रुंद झाला होता. दोन्ही अंगांना गोडाऊनं येत होती. रस्त्याच्या शेताचा भाव मळ्याच्या चौपट झाला होता आणि ते शेत कागदावर माझं होतं. ते घ्यायचं असं मी कधी ठरवलं नव्हतं. फक्त फोन करायचा राहून जात होता, आणि राहून जातोय हे मला माहीत होतं. हे मी त्यांना जवळजवळ याच शब्दांत सांगितलं. ते सांगताना दमायला झालं. एवढी चढण मी बऱ्याच वर्षांत चढलो नव्हतो.

त्यांनी नावं ठेवली नाहीत. तीन ओळींचा कागद सुलटा केला आणि बोलू लागल्या. “ऐका. तोंडी बदलून मालकी बदलत न्हाई. ताबा वाचवायला भांडता येईल, पण त्यात तुमची सात वर्षं जातील, अन् बागेची पण. दुसरा रस्ता, तुम्ही उलटी नोटीस टाका. रस्त्याचं शेत माझं, घर काढून घ्या, गिरणी काढून घ्या. कागदावर ते सोपं आहे. तुम्हाला तेच सांगणारे वकील इथं भेटतील. घरात काकू बसलेल्या आहेत, ते तुम्ही बघा. तिसरा रस्ता, दोघांनी अदलाबदलीचा दस्त करायचा. असल्या बांधावरच्या भांडणांसाठी सरकारनं मुद्रांक नाममात्र केलाय. बारा वर्षांच्या वरचा ताबा पाहिजे, तलाठ्याचा पंचनामा पाहिजे, अन् दोन्हीकडच्या खातेदारांची राजी पाहिजे. तुम्ही दुसऱ्या ओळीत काय लिहिलं?”

“मळा.”

“मंग तिसऱ्या ओळीत रस्त्याचं शेत लिहा. तीन आर काय लिहिता.”

पेन त्यांनीच पुढं केलं. मी तीन आर खोडलं आणि लिहिलं. अक्षर चांगलं आलं नाही.

“नोटिशीचं उत्तर मी तयार ठेवते. चौदाव्या दिवशी पोस्टात टाकू. तोवर एकदा गावी जाऊन या. फाईल न्यायची न्हाई.”

रविवारी गेलो. नोटिशीचा तो अकरावा दिवस होता. एसटीत मांडीवर काही नव्हतं आणि हात कुठं ठेवावे कळत नव्हतं. फाट्यावर उतरून दादाच्या घरी चालत गेलो. गिरणी चालू होती. काकू ओसरीत सुपात तूर निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढं गेली आहे, पण खडा अजून तिच्या नजरेतून सुटत नाही.

“आलास का?” ती सुपातून वर न बघता म्हणाली. “मला वाटलं आता तारखेलाच भेटशील.”

“काकू, नोटीस गेल्याचं तुला माहीत होतं का?”

“वकिलानं पाकीट आमच्याकडंच दिल्तं पोष्टात टाकायला. डिंक मीच दिल्ता.”

गिरणीचा पट्टा थांबला आणि दादा बाहेर आला, भुवयांपर्यंत पांढरा. मला बघून त्यानं हात झटकले, पण पुढं आला नाही.

“काय क्लार्कसाहेब. आता कोणता कागद कमी पडून राह्यला?”

“एकही न्हाई. सगळे आहेत.”

“कधीपासून?”

“मागल्या वर्षीच्या मार्चपासून.”

दादानं महिने मोजले असावेत. “म्हणजे दिवाळीला मी म्हणलो, तव्हा होते.”

“होते.”

“अन् तू मला म्हणला, जमू दे.”

“हो.”

तो ओसरीच्या कडेला बसला. पिठाचा हात धोतराला पुसला, तो पुसला गेला नाही. “रस्त्याचा भाव काढला होता का तू?”

“काढला होता.”

“किती धरला?”

मी आकडा सांगितला. त्यानं मान हलवली. “कमी धरला. मागल्या महिन्यात शेजारचं त्याच्या दीडपट गेलं.” मग माझ्याकडं न बघता, “नोटीस मला बी आवडली न्हाई. पण तुझ्याशी तोंडी बोलावं तर तू कागद मागतो. म्हणलं, कागदच पाठवू.”

मी तीन ओळींचा कागद खिशातून काढला. फाईल नेऊ नका म्हणाल्या होत्या, हा नेऊ नका म्हणाल्या नव्हत्या. दादानं तो लांब धरून वाचला, मग आईला वाचून दाखवला. तिसरी ओळ दोनदा वाचली. काकूला खोडलेलंही ऐकायचं होतं. “त्याच्या अलीकडं काय लिहिलं होतं?”

“फरकाचे तीन आर,” मी म्हणालो. “आमचे तीन आर जास्त गेले होते, ते सोडायचं लिहिलं होतं.”

काकूनं सूप खाली ठेवलं. “तुझे कुठले गेले? मळ्यात अर्धी विहीर आम्ही खोदल्ती. तुझ्या काकाचे हात सोलून निघाल्ते. ते तीन आर विहिरीचे आहेत. बरोबरीला तीन आर राखून रस्त्याच्या शेतात दगड ठेवल्ता, तुझ्या बापानं आपण होऊन तो मागं सरकवायला लावला, मीच सरकवला. तू दोरी सोडून बोरं खायला गेल्तास.”

ते खरं असणार. दोरी किती वेळ धरली, ते मला आठवत नव्हतं. बेचाळीस वर्षं मी त्या तीन आरांचे मनातल्या मनात उपकार धरून बसलो होतो.

“साक्ष देशील का तलाठ्यापुढं?” मी विचारलं.

“कोणाच्या बाजूनं?”

“बाजू न्हाई. झालं ते सांगायचं.”

“मंग बराबर आहे,” ती म्हणाली आणि पुन्हा निवडायला लागली. दादा उठून गिरणीत गेला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चहा त्या दिवशी झाला नाही. तेराव्या दिवशी त्याचा फोन आला, “तुझ्या मॅडमला सांग, दस्त तयार करा म्हणाव. माझ्या वकिलाचा खर्चा मी बघतो.” मी वकीलबाईंना कळवलं. त्यांनी तयार ठेवलेलं उत्तर पोस्टात पडलं नाही.

पंचनाम्याला अडीच महिने लागले, त्यात तलाठी दोनदा आलेच नाहीत. आले त्या दिवशी काकूला मोटारसायकलवर मागं बसवून मळ्यात आणलं. चार कोपऱ्यांपैकी तीन दगड सापडले. चौथा गाळात गेला होता. काकूनं जागा दाखवली, दादानं पहारीनं उकरलं, हातभर खाली दगड निघाला. शेजारच्या खातेदारांनी सह्या केल्या. दुय्यम निबंधकाकडे फोटो काढताना मी आणि दादा एकाच बाकावर बसलो होतो आणि मध्ये एका माणसाची जागा रिकामी होती. वकीलबाई कामापुरतं बोलल्या. निघताना फक्त म्हणाल्या, “फाईल जपून ठेवा. आता ती खरी झाली.”

फेरफार मंजूर झाला. मळ्याच्या सातबारावर माझं नाव आलं. एकशे एकाहत्तर झाडं आता कागदावरही माझी आहेत. रस्त्याकडेला दादाच्या पोराच्या दुकानाचा पाया भरला आहे, एसटीतून दिसतो.

या खरिपात पिकाची नोंद करायला मी गावी गेलो. फाट्यावर उतरलो तेव्हा पाय सवयीनं दादाच्या घराकडं वळले होते, तिथून मागं फिरवले. मळ्यात उभा राहून माझ्या नावावर माझी मोसंबी नोंदवली. दहा मिनिटांचं काम होतं. परतीच्या एसटीला दीड तास होता. बांधावर बसून मोबाइलमध्ये गावाची पीकनोंदीची यादी उघडली, दादाचा मोबाइल जुना आहे, मुदत चार दिवसांवर आली आहे, म्हणून बघितलं. त्याच्या नावापुढं कपाशी लागलेली होती. नोंद तीन दिवसांपूर्वीची होती, कोणीतरी करून दिलेली.